डीव्हीआरचं कुठलं पोर्ट उघडं आहे?

‘कॉम्प्युटरला अँटिव्हायरस आहे, मग काळजी कसली?’ हा समज सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यात आहे, तसा नवी पेठेतल्या दुकानातही आहे. पण अँटिव्हायरस बघतो फक्त त्या एका कॉम्प्युटरकडं. त्याच राउटरवर सीसीटीव्हीचं चित्रण साठवणारा डीव्हीआर असतो, प्रिंटर असतो, हजेरीचं मशीन असतं. त्यांची झाडाझडती कोण घेणार?

त्यासाठी एनमॅप (Nmap) आहे: नेटवर्कवर कोणती उपकरणं आहेत आणि त्यांची कोणती पोर्टं, म्हणजे सेवांचे क्रमांकित दरवाजे, उघडी आहेत हे शोधणारा प्रोग्रॅम. गॉर्डन लायन यांनी तो १९९७ मध्ये आणला, आजही फुकट मिळतो. आधी ‘-एसएन’ (-sn) लावून १९२.१६८.१.०/२४ अशी आपल्या राउटरची आयपी पत्त्यांची रेंज द्यायची. पिंगला (‘आहेस का?’ या साध्या हाकेला) दाद न देणारी उपकरणंही यात सापडतात, कारण घरच्या नेटवर्कात विचारणा एआरपीनं, म्हणजे ‘हा आयपी पत्ता कुणाचा?’ या हाकेनं होते आणि एआरपीला उत्तर न देऊन कुणाचं भागत नाही.

खरी गंमत उघडी पोर्टं शोधणाऱ्या ‘-एसएस’ची (-sS). टीसीपी जोडणी सिन, सिन-अ‍ॅक, अ‍ॅक अशा तीन टप्प्यांत होते: ‘बोलू का?’, ‘हो, बोल’, ‘ठीक’. हे स्कॅन फक्त पहिला सिन टाकतं. सिन-अ‍ॅक आलं, तर पोर्ट उघडं. मग अ‍ॅक न देता आरएसटी (‘तोडा’ असा निरोप) पाठवून जोडणी अर्ध्यातच तोडली जाते, त्यामुळं त्या सेवेच्या लॉगमध्ये बहुधा नोंदही पडत नाही. समोरूनच आरएसटी आलं, तर पोर्ट बंद, पण यंत्र चालू. काहीच आलं नाही, तर पुन्हा विचारून शेवटी ‘फिल्टर्ड’ असा शेरा: बहुधा मधल्या फायरवॉलनं पॅकेट गिळलं. नकार चटकन येतो, गप्प बसणाऱ्याची वाट बघावी लागते. म्हणून फायरवॉलमागचं यंत्र तपासायला वेळ लागतो. असे सुटे सिन स्वतः घडवायचे, तर अ‍ॅडमिनचे हक्क हवेत.

फसगत होते ती इथं: एनमॅप आपणहून नेहमीची १,००० पोर्टंच बघतो, एकूण आहेत ६५,५३५. आडवळणाच्या पोर्टावरचा डीव्हीआर सुटू नये म्हणून ‘-पी-’ (-p-) द्या. यूडीपी, म्हणजे आधी जोडणी न करता पॅकेट पाठवायची दुसरी पद्धत, तर वेगळंच सांगावं लागतं, आणि ते फार रेंगाळतं.

डीव्हीआरवर २३ उघडं दिसलं, तर ते टेलनेट, म्हणजे दुरून उपकरणात लॉगिन करायची जुनी, असुरक्षित सेवा. २०१६ मध्ये मिराई या मालवेअरनं कारखान्यातून आलेले पासवर्ड वापरून अशीच कॅमेरे-डीव्हीआर बळकावली. इथं ‘एआय कवच’ म्हणून विकला जाणारा महागडा डबा लागत नाही. पासवर्ड बदला, फर्मवेअर (उपकरणातलं मूळ सॉफ्टवेअर) अद्ययावत करा, टेलनेट आणि राउटरमधलं पोर्ट फॉरवर्डिंग (इंटरनेटवरून थेट आतल्या उपकरणाकडं येणारी वाट) बंद करा. मग तेच स्कॅन पुन्हा चालवा, २३ समोर ‘क्लोज्ड’ यायला हवं. शेजारच्या गाळ्याचं नेटवर्क तपासायचं असेल, तर मात्र आधी मालकाची लेखी परवानगी घ्या.