जावे त्याच्या वंशा: परानुभूती या कल्पनेची पार्श्वभूमी

जुलै २०२१च्या पुरानंतर चिपळूणात गाळ उपसायला गेलेल्यांत मीही होतो. वाशिष्ठीचं पाणी उतरलं होतं, पण भिंतींवर त्याची रेघ राहिली होती, डोक्याच्याही वर. एका घरात एक बाई पत्र्याच्या तुकड्यावर कागद वाळत घालत होत्या. रेशनकार्ड, गॅसचं पुस्तक, लग्नाच्या अल्बमची एकमेकांना चिकटलेली पानं. आमच्यातला एक जण म्हणाला, "ताई, आम्ही समजू शकतो." त्यांनी मान वर न करता उत्तर दिलं, "जावे त्याच्या वंशा." पुढचे दोन शब्द म्हणायची गरजच नव्हती.

हल्ली नर्सिंगच्या वर्गात, आपत्ती व्यवस्थापनाच्या प्रशिक्षणात, अगदी ऑफिसच्या वर्कशॉपमध्येही 'एम्पथी' शिकवतात. मराठीत त्याला कुणी समानुभूती म्हणतं, कुणी परानुभूती. हे दोन शब्द एकच गोष्ट सांगत नाहीत, आणि त्यांच्यातल्या फरकावरूनच युरोपात शंभर वर्षांपूर्वी मोठा वाद झाला होता. त्या वादाची एक फांदी फिरत फिरत आपल्या कोकणापर्यंत येते.

गंमत अशी की ही कल्पना जन्मली ती माणसांसाठी नव्हेच. १८७३ साली रॉबर्ट व्हिशर या जर्मन अभ्यासकाने 'आइनफ्यूलुंग' हा शब्द सौंदर्यशास्त्रात वापरला. आइनफ्यूलुंग म्हणजे भावनेने एखाद्या गोष्टीच्या आत शिरणं. निर्जीव आकार आपल्याला जिवंत का वाटतात, हा त्याचा प्रश्न होता. वादळात माड वाकला की आपलीही पाठ ताणल्यासारखी होते, तसं काहीतरी. पुढे म्युनिकच्या टेओडोर लिप्सने हा शब्द दगडी खांबांवरून माणसांवर आणला. त्याचं गाजलेलं उदाहरण कसरतपटूचं आहे. आपल्याकडे बाजाराच्या दिवशी डोंबाऱ्याची पोर दोरावर चढली की खालची गर्दी श्वास रोखते, कुणाचे खांदे आपोआप डावीकडे कलतात. लिप्सच्या मते प्रेक्षक आतल्या आत त्या हालचालींची नक्कल करतो आणि पाहता पाहता कसरतपटूशी एक होऊन जातो. १९०९ साली अमेरिकेत शिकवणाऱ्या एडवर्ड टिचनरने ग्रीक धातूवरून 'एम्पथी' हा इंग्रजी शब्द घडवला. आपल्याकडच्या वर्कशॉपमध्ये पोचला तो हाच.

लिप्सचं म्हणणं वाचायला छान वाटतं, पण ते चूक आहे हे एका पंचविशीतल्या विद्यार्थिनीने दाखवून दिलं.

त्याआधी तिच्या गुरूंबद्दल थोडं. एडमुंड हुसर्लने १९००-०१मध्ये 'लॉजिकल इन्व्हेस्टिगेशन्स' प्रसिद्ध करून फेनॉमेनॉलॉजीचा पाया घातला. मराठीत तिला रूपविवेचनवाद म्हटलेलंही आढळतं, पण त्या शब्दाने कुणाचंच फारसं भलं झालेलं नाही. थोडक्यात सांगायचं तर, एखाद्या गोष्टीबद्दल सिद्धान्त मांडण्याआधी ती अनुभवात आपल्यापुढे कशी येते ते नीट बघायचं. हापूसची पेटी उघडली की दिसतो फक्त वरचा थर. तरी आपण 'पेटी' बघतो, 'वरचा थर' नाही. न दिसणारे खालचे आंबे दिसणाऱ्यांसोबत गृहीत धरलेले असतात. हुसर्लला या गृहीत धरण्याचं विलक्षण कुतूहल होतं. मग दुसऱ्या माणसाचं काय? दिसतो चेहरा, हात, डोळ्यांतलं पाणी. पण आपण 'पाणी आलेले डोळे' बघत नाही, दुःखी माणूस बघतो. हे होतं कसं?

हाच विषय त्या विद्यार्थिनीने, एडिथ स्टाइनने, पीएचडीला घेतला. जन्म १८९१, ब्रेस्लाउच्या ज्यू कुटुंबातला. पहिलं महायुद्ध सुरू झाल्यावर अभ्यास बाजूला ठेवून ती १९१५ साली मोराव्हियातल्या रेड क्रॉसच्या इस्पितळात परिचारिका म्हणून गेली. तिथे साथीच्या रोगांनी आजारी असलेले ऑस्ट्रियाच्या सैन्यातले नाना भाषांचे सैनिक होते. ज्याची भाषा कळत नाही त्याला नेमकं कुठे दुखतंय हे ओळखण्याचा प्रश्न तिच्यापुढे रोज खाटेवर पडलेला असे. १९१६ साली फ्रायबुर्गमध्ये तिने प्रबंध सादर केला आणि पुढच्या वर्षी तो छापला गेला. त्यातलं या विषयाचा इतिहास सांगणारं पहिलं प्रकरण मात्र छापलं गेलं नाही आणि नंतर हरवलं. पार्श्वभूमी लिहिणाऱ्याला हे वाचून जरा चुटपूट लागतेच.

तिचं उदाहरण साधं आहे. एक मित्र येतो, आपला भाऊ गेल्याचं सांगतो. मला त्याचं दुःख जाणवतं. कुठे? त्याच्या चेहऱ्यावरून तर्क करून मी ते काढत नाही. माझा स्वतःचा भाऊही गेलेला नाही. दुःख समोर आहे, थेट जाणवतंय, पण ते त्याचं आहे. स्टाइन म्हणते, जाणवण्याची क्रिया माझी असते आणि जे जाणवतं ते दुसऱ्याचं असतं, दोन्ही एकाच वेळी. आठवणीतही असंच काहीसं होतं. कालचा आनंद आज आठवतो तेव्हा आठवणं आजचं असतं, आनंद कालचा. लिप्सच्या कसरतपटूबद्दल तिने एवढंच सांगितलं की प्रेक्षक त्याच्याशी एक होत नाही, तो त्याच्यापाशी असतो. दोरावरून पडली तर हाड डोंबाऱ्याच्या पोरीचंच मोडणार.

म्हणून मला 'समानुभूती' हा शब्द खटकतो. अनुभव समान नसतो, हाच तर मुद्दा आहे. 'परानुभूती'त निदान 'पर' शाबूत राहतो.

त्याच काळात माक्स शेलर या जर्मन तत्त्वज्ञाने, १९१३ साली आणि मग १९२३च्या वाढवलेल्या आवृत्तीत, आपण सरसकट 'सहानुभूती' म्हणून मोकळे होतो त्याचे पदर सोडवले. मुलाच्या कलेवराशेजारी उभे असलेले आईबाप एकच दुःख एकत्र भोगतात, तो एक प्रकार. शोक करणाऱ्या त्या दोघांबद्दल शेजाऱ्याला वाईट वाटतं, तो दुसरा. आणि भावनेची लागण तिसरी, जिच्यात दुसऱ्याला समजून घेणं नसतंच. शिमग्यात पालखी नाचायला लागली की कालपर्यंत हद्दीवरून भांडणारे दोघे एकाच लयीत डोलतात, ही लागण झाली, समेट नव्हे. शेलरचं सगळ्यात बोचरं निरीक्षण क्रूर माणसाबद्दल आहे. क्रूर माणसाला दुसऱ्याची वेदना कळत नाही असं नाही, ती त्याला चांगली कळते आणि त्यातच त्याला सुख असतं. म्हणजे परानुभूती असली की माणूस चांगला, हे समीकरण शंभर वर्षांपूर्वीच मोडीत निघालं. वर्कशॉपवाल्यांपर्यंत ही बातमी अजून पोचलेली दिसत नाही.

१९२९ साली पॅरिसच्या व्याख्यानांत हुसर्ल पुन्हा या प्रश्नाकडे वळला. त्यांवरून तयार झालेलं 'कार्टेशियन मेडिटेशन्स' हे पुस्तक १९३१मध्ये आधी फ्रेंचमध्ये निघालं. पेटीतला खालचा थर हात घालून वर काढता येतो, माणसाच्या मनाचा नाही. आणि समजा काढता आला, दुसऱ्याचा अनुभव जसाच्या तसा माझ्यात उतरला, तर तो माझाच होऊन जाईल आणि दुसरा माणूस उरणारच नाही, असं त्याचं म्हणणं.

या मंडळींच्या वाट्याला जे आलं ते सांगायलाच हवं. विद्यापीठात शिकवण्याची पात्रता मिळवायला स्टाइनने केलेला अर्ज ती बाई असल्यामुळे पुढे गेला नाही. ती कॅथलिक झाली, १९३३ साली कोलोनच्या कार्मेल मठात गेली. नाझींच्या लेखी ती ज्यूच राहिली. ऑगस्ट १९४२मध्ये आउश्वित्झला तिला मारण्यात आलं. हुसर्ल त्याआधी १९३८ साली वारला. तोही जन्माने ज्यू, म्हणून स्वतःच्याच विद्यापीठात परका झालेला.

आपल्याकडे हे सगळं आधीच होतं असं म्हणायची हौस असते. होतं, पण वेगळ्या जागी. काश्मीरच्या अभिनवगुप्ताचा 'सहृदय', म्हणजे मन लावून रस घेणारा रसिक, साधारण हजार वर्षांपूर्वीचा आहे आणि साधारणीकरणाची, म्हणजे पात्राची भावना एकट्याची न राहता सगळ्या रसिकांची होण्याची, चर्चा त्याच्याही आधीची. पण ती काव्याच्या, रंगभूमीच्या रसिकाबद्दल आहे. दशावतारात राजा हरिश्चंद्राचं दुःख बघून रात्री डोळे पुसणारा माणूस सकाळी गड्याशी कसा बोलतो, हा रसशास्त्राचा प्रश्न नव्हता.

तो प्रश्न आपल्याकडे स्पर्शाच्या वाटेने आला. हुसर्लच्या एका हस्तलिखितात डाव्या हाताने उजव्या हाताला शिवण्याचं वर्णन आहे. त्या वेळी शिवणारा कोण आणि शिवलेला कोण हे पालटत राहतं. डोळ्यांचं तसं नाही, डोळा स्वतःला बघत नाही. हे हस्तलिखित जुळवण्याचं काम १९१६ ते १९१८ या काळात हुसर्लची साहाय्यक असलेल्या स्टाइननेच केलं होतं. छापलं गेलं ते दोघांच्या मागे, १९५२मध्ये. स्पर्श एकतर्फी नसतो, या धाग्याला धरून तत्त्वज्ञ सुंदर सरुक्काई यांनी २००९ साली अस्पृश्यतेची फेनॉमेनॉलॉजी मांडली. जो शिवून घेत नाही, तो स्वतःच आधी अस्पृश्य होतो. ते अस्पृश्यपण मग तो दुसऱ्याच्या अंगावर ढकलतो. राज्यशास्त्राचे अभ्यासक गोपाळ गुरू यांनी त्याआधी, २००२ साली, भारतीय समाजशास्त्रांना विचारलं होतं की सिद्धान्त मांडणारे एकीकडे आणि ज्यांचे अनुभव कच्चा माल म्हणून वापरायचे ते दुसरीकडे, ही वाटणी कुणी केली? दोघांचं 'द क्रॅक्ड मिरर' हे पुस्तक २०१२ साली आलं. ते म्हणजे या मुद्द्यावरचा त्यांचा वादसंवादच. भोगलेला अनुभव म्हणजे ज्यातून उठून जायची मोकळीक नसते तो, हे त्यातलं सरुक्काईंचं म्हणणं मला पुरातल्या त्या बाईंच्या उत्तराची फोड वाटते. आम्ही संध्याकाळच्या गाडीने घरी जाणार होतो.

आणि या सगळ्याची जमीन तर इथलीच. लष्करातून निवृत्त होऊन दापोलीत राहिलेल्या गोपाळबाबा वलंगकरांनी १८८८ साली 'विटाळ विध्वंसन' लिहिलं, लिप्स आणि हुसर्ल यांची नावं व्हायच्या आधी. १९२३ साली सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात मंजूर झाला, महाडच्या नगरपालिकेने चवदार तळं सगळ्यांना खुलं असल्याचं कागदावर मान्य केलं, आणि तरीही २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि त्यांच्यासोबतची माणसं तिथलं पाणी प्यायली तेव्हा त्यांच्यावर हल्ला झाला. पुढे दूध, दही, शेण, गोमूत्राच्या १०८ घागरी ओतून तळं 'शुद्ध' केलं. पाण्यालाही शिवता येतं आणि पाणीही शिवतं, हे ओतणाऱ्यांना पुस्तकाशिवाय ठाऊक होतं. तळ्यावरचा हक्क मुंबई हायकोर्टात मान्य व्हायला १९३७ उजाडलं.

आमच्या घराच्या पडवीत, वाशाजवळच्या कोनाड्यात, कान तुटलेला एक कप असे. भात झोडायला येणाऱ्या एका आजोबांसाठी तो होता. आजी त्यांना मनापासून विचारी, सुनेचं बाळंतपण नीट झालं का, गुडघा अजून दुखतो का. त्यांच्या मुलाला नोकरी लागली तेव्हा तिने आनंदाने डोळे पुसलेले मी बघितलेत. चहा ती वरून ओते. पिऊन झाला की ते स्वतःच खळ्यातल्या पाण्याने कप विसळत, उपडा करून कोनाड्यात ठेवत, आणि आजी आतून विचारी, "साखर बरोबर होती ना रे?"