नायटी आणि तिचे तोतये

पान तोडलं की दूध येतं, म्हणून ही वनस्पती बाळंतिणीचं दूध वाढवते, असा दावा मोबाइलवर अधूनमधून फिरत असतो. वनस्पती असते नायटी, म्हणजे मोठी दुधी (युफोर्बिया हिर्टा). रंगावरून गुण ठरवायची ही पद्धत जुनी आणि निराधार. ते दूध नव्हेच, चीक आहे. पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांवर प्रकाश विखुरतो म्हणून तो पांढरा दिसतो. डोळ्यात गेला तर आग होते.

पडीक जागेत नायटी ओळखायला सोपी. खोडावर पिवळसर राठ केस, समोरासमोर पानं, कडेला बारीक दाते, आणि पानाचा तळ एका बाजूला तिरका. पानांच्या बगलेत हिरवट-तांबूस गोंडे.

खरी मजा त्या गोंड्यात आहे. त्यातला एकेक कण फूल वाटतो, पण तो पेल्यासारखा अख्खा फुलोरा असतो. शास्त्रीय नाव सायथियम. मधोमध एकच मादीफूल: तीन कप्प्यांचं बीजांडकोश आणि त्याचा देठ, बस्स. भोवती नरफुलं, आणि प्रत्येक नरफूल म्हणजे फक्त एक पुंकेसर! हे कशावरून? पुंकेसराच्या दांड्यावर मध्येच एक सांधा असतो. सांध्याखालचा भाग फुलाचा देठ, वरचा पुंकेसराचा तंतू. पाकळ्या, निदलं सगळं गळून गेलेल्या फुलाची ही उरलेली खूण. पेल्याच्या काठावरच्या मधुग्रंथींना चिमुकली पांढरट-गुलाबी झालर असते, तीच पाकळीचं सोंग घेते. असाच पेला पॉइन्सेटियातही सापडतो. तिथली लालभडक ‘फुलं’ ही पानंच.

आता तोतये. घोळ ही रानभाजी जमिनीलगत पसरते, पण तिची पानं मांसल, फूल पिवळं आणि तोडल्यावर चीक नाही. चीक आला तर ती घोळ समजून तोंडात घालू नये. लहान दुधी (युफोर्बिया थायमिफोलिया) चीकवाली, पण पूर्ण जमिनीला चिकटलेली, पानं जेमतेम अर्धा सेंटिमीटर. तिचं फळ पेल्यातून नीट बाहेर येत नाही, पेला एका बाजूने फाडतं. युफोर्बिया प्रोस्ट्राटाही अशीच पसरणारी. तिचं फळ मात्र देठावर बाहेर लोंबतं, आणि त्यावर केस असतात ते फक्त तीन कडांवर. लहान दुधीच्या फळावर ते सगळीकडे असतात. हे पाहायला दहापट भिंग लागतं. फळच नसेल, तर या दोघींच्या बाबतीत नाव सांगायची घाई करू नये.