खिडकीतलं एक वाक्य

मामा सातपूरच्या एका कारखान्यात फिटर होते. सकाळी चहाचा कप उचलला की अर्धा चहा बशीत सांडायचा. त्याच कापऱ्या हातांनी त्यांनी एकदा धीर करून दवाखान्यात केसपेपर काढला. खिडकीतून आवाज आला, “पिणारे पेशंट तिकडं!” अख्खी रांग वळून बघायला लागली. मामा केसपेपर खिशात कोंबून घरी आले. म्हणाले, “माझी मीच सोडतो.” तिसऱ्या रात्री ते भिंतीवर नसलेल्या मुंग्या झाडत होते.

दारू मेंदूतल्या ‘गाबा’ या शांतवणाऱ्या रसायनाचा जोर वाढवते. रोज पिणाऱ्याचा मेंदू तोल सांभाळायला उलट बाजूची उत्तेजना वाढवून ठेवतो. दारू एकाएकी थांबली की शांतवणारा जोर जातो, उत्तेजना तेवढी उरते. काही तासांत हात कापू लागतात, पहिल्या ४८ तासांत फिट येऊ शकते आणि दोन ते चार दिवसांत काहींना भास, घाम, ताप, भ्रम असं सगळं गाठतं. या अवस्थेत उपचाराविना जीवही जातो. डॉक्टरांच्या देखरेखीखाली मात्र गोळ्यांचा डोस हळूहळू उतरवत, ब१ जीवनसत्त्व देत हेच दिवस सहसा सुखरूप पार पडतात. त्र्यंबकला निवृत्तिनाथांच्या यात्रेत माळ घालून दारू सोडणारी माणसं आपल्याकडं आहेत. माळेचं बळ मी मुळीच कमी लेखत नाही. पण वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्यानं माळेआधी डॉक्टर गाठावा, हे कळकळीनं सांगतो.

म्हणून खिडकीतलं ते वाक्य मला साधा उद्धटपणा वाटत नाही. त्यानं मामांना उपचारापासून तोडून त्या तिसऱ्या रात्रीत ढकललं. १९९३ साली मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत पिणाऱ्यांच्या समुपदेशनाच्या दोन पद्धती ताडून पाहिल्या. समुपदेशक जितका अंगावर जाई, तितकं त्याचा रुग्ण वर्षभरानंतर जास्त पीत असे. गोव्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांवर साध्या, थोडं प्रशिक्षण घेतलेल्या माणसांनी जास्त पिणाऱ्या पुरुषांशी जास्तीत जास्त चार बैठकांत नीट बोलून पाहिलं. तीन महिन्यांनी त्यातल्या ३६ टक्क्यांचं पिणं धोक्याच्या पातळीखाली आलं होतं. नेहमीचे उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण २६ टक्के होतं. २०१७चा मानसिक आरोग्य कायदाही व्यसनाशी जोडलेले मनोविकार आजारातच मोजतो आणि रुग्णाला सन्मानानं जगण्याचा हक्क देतो.

मामांना नंतर दुसरीकडं नेलं. तिथल्या समाजसेविका ताईंनी खुर्ची पुढं केली, “काका, सकाळपासून काही खाल्लंय का?” दारूचा विषय चहा झाल्यावर निघाला. पाच महिन्यांनी, पोळ्याच्या दिवशी, मामा पुन्हा प्यायले. दुसऱ्या सकाळी मान खाली घालून आपले आपणच तिथं गेले. ताई म्हणाल्या, “बरं झालं, लगेच आलात.”