ब्लॉकला तडा आणि बाटलीतलं औषध

रेडिएटर गळायला लागला की चमचाभर हळद टाकायची, हा जुगाड आपल्याकडच्या जुन्या ट्रक-जीपवाल्यांना तोंडपाठ. माझ्या मामाने तर घाटात चक्क आमच्या सहलीच्या पिशवीतली हळद ओतली होती आणि गाडी घरी आणली! हळदीचे कण पाण्याबरोबर फिरत फिरत भोकापाशी जाऊन अडकतात, बास, एवढंच विज्ञान.

पण तडा इंजिनच्या ब्लॉकलाच, म्हणजे त्याच्या मुख्य ओतीव सांगाड्यालाच गेला असेल तर? गाडी पाण्याविना तापली आणि घाबरून कुणी वरून गार पाणी ओतलं की बिडाचा ब्लॉक तडकू शकतो, बीड दाब सोसतं पण ताण सोसत नाही. अशा वेळी दुकानात 'ब्लॉक सीलर' मिळतं, त्यातल्या बऱ्याच बाटल्यांत मुख्य माल असतो सोडियम सिलिकेट. म्हणजे पाण्यात विरघळलेली काचच म्हणा ना, दिसायला पाकासारखी घट्ट. असं सीलर वापरताना आधी कूलंट (इंजिन गार ठेवणारं पाणी) काढून सिस्टीम साध्या पाण्याने धुवायची, कारण कूलंटमध्ये मिसळलेल्या अँटीफ्रीझशी गाठ पडली की त्याची जेली होते आणि रेडिएटरच्या बारीक नळ्याच तुंबतात. मग इंजिन चालू. तड्यातून झिरपणारं पाणी गरम धातूवर उडून जातं आणि मागे काचेसारखा कडक थर राहतो.

गंमत म्हणजे फाउंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, साचा करतानाही हेच वापरतात, वाळूत सोडियम सिलिकेट कालवून वरून कार्बन डायऑक्साइड सोडला की वाळू दगडासारखी होते, कोल्हापूरकडच्या लोकांना हे सांगायला नको.

आता खरी मेख. कूलंटचा दाब साधारण १ बार, म्हणजे कारच्या टायरमधल्या हवेच्याही निम्म्याहून कमी, तेवढा हा थर पेलतो. पण तडा सिलिंडरच्या (जिथे इंधन जळतं) आतल्या बाजूला उघडत असेल तर तिथे डिझेल इंजिनात १०० बारच्या वर धक्के बसतात, मिनिटाला शेकडो वेळा, आणि काच ती काच, ठिसूळ. म्हणून तडा कुठल्या बाजूला हे आधी बघा. इंजिन गार असताना (गरम असताना अजिबात नाही, तोंड भाजेल) रेडिएटरचं झाकण काढून गाडी सुरू करायची, पाण्यात सारखे बुडबुडे यायला लागले तर जळालेला गॅस आत शिरतोय. ऑईलची पट्टी काढल्यावर दुधाच्या चहासारखा रंग दिसला तर पाणी ऑईलमध्ये गेलंय.

आणि हे औषध चुकूनही ऑईलच्या जागी जाऊ देऊ नका हं. २००९ मध्ये अमेरिकेत 'कॅश फॉर क्लंकर्स' योजनेत जुन्या गाड्या कायमच्या बाद करायला हेच वापरलं. ऑईल काढायचं, जवळपास २ लिटर सोडियम सिलिकेटचं द्रावण भरायचं, २००० आरपीएमवर इंजिन चालवायचं, काही मिनिटांत जाम! साडेसहा लाखांहून जास्त गाड्या त्या योजनेत निघाल्या.

मामाच्या टेम्पोला पुढे ब्लॉकच्या बाहेरच्या अंगाला केसाएवढा तडा गेला तेव्हा बाटलीने दोन पावसाळे काढले. दुसऱ्यांदा मात्र बुडबुडे आले, मिस्त्रीने बाटली परत मामाच्याच हातात दिली नि म्हणाला, "हेड उतरवू, स्टिचिंग करू." हेड म्हणजे ब्लॉकवरचं झाकण, आणि स्टिचिंग म्हणजे तड्यावर ओळीने भोकं पाडून त्यात आट्यांचे प्लग बसवायचे, एकात एक गुंतलेले, गोधडीला टाके घातल्यासारखे. वेल्डिंगची उष्णता नाही त्यामुळे नवा तडा नाही. बिल बघून मामा दोन दिवस कुणाशी बोलला नाही.