बॅकग्राउंड ब्लर पाहिजे? लेन्स भाड्याने नेण्याआधी एवढं वाचा

आमच्याकडे येणाऱ्यांची मागणी ठरलेली असते, "ती १.८ वाली लेन्स द्या, मागचं सगळं उडतं ती." देतो की, धंदाच आहे आमचा. पण परत करायला आल्यावर काहीजण कुरकुरतात की ब्लर काही आलाच नाही, आणि फोटो बघितले तर नवरा-नवरी मेंदीच्या कुंपणाला टेकून उभे! मागचं कुंपण वीतभर अंतरावर असेल तर तिथे लेन्स तरी काय करणार?

तेव्हा पहिला उपाय फुकटचा. माणसाला भिंतीपासून, झाडीपासून दहा-पंधरा फूट तरी पुढे आणा आणि तुम्ही त्याच्या जवळ जा. नुसतं एवढं केलं तरी किट लेन्सच्या (कॅमेऱ्यासोबत मिळते ती) फोटोत फरक दिसतो.

आता लेन्सचं. फोकल लेन्थला (लेन्सवरचा ५०, ८५ असा मिमीचा आकडा) एफ नंबरने (१.८, ५.६ असा आकडा) भागलं की ॲपर्चरचं, म्हणजे लेन्समधून प्रकाश आत येतो ते भोक किती मोठं ते कळतं. १८-५५ किट लेन्स ५५ वर ५.६ ला जेमतेम १० मिमी, ५० ची १.८ म्हणजे २८, ८५ ची १.८ म्हणजे ४७. हे मोजायचं कशाला, तर फोटोत माणूस तेवढाच मोठा ठेवला तर खूप लांबचा दिवा साधारण त्या भोकाएवढाच गोळा होऊन दिसतो, म्हणजे किट लेन्सवर नवरदेवाच्या शर्टाच्या बटणाएवढा आणि ८५ वर त्याच्या कट्यारीला खोचलेल्या लिंबाएवढा. आणि गंमत बघा, घरी पडून असलेली ५५-२५० झूम २५० वर ५.६ ला किती, तर ४५! म्हणजे जवळपास ८५ एवढीच. फक्त कमरेपर्यंतचा फोटो काढायला तीसेक फूट मागे जावं लागतं आणि मागची झाडंही तशीच भरपूर लांब हवीत, त्यामुळे मोकळं मैदान असेल तर आधी तीच वापरून बघा, आमच्या लेन्सचं भाडं तरी वाचेल तुमचं. हॉलमध्ये किंवा घरातल्या डोहाळजेवणाला मात्र ती कामाची नाही, तिथे ५० ची १.८ च न्या.

१.८ मिळाली म्हणून प्रत्येक फोटो १.८ वर काढू नका. क्रॉप सेन्सरवर (साध्या कॅमेऱ्यात असतो तो लहान सेन्सर) ८५ लावून पाच फुटांवरून चेहरा घेतला तर शार्प पट्टा साधारण २ सेंटिमीटरचा असतो, डोळ्यावर फोकस केला की नथ सॉफ्ट, म्हणजे धूसर. नवरीच्या क्लोजअपला नथ सॉफ्ट आली तर घरचे पहिलं तेच दाखवतील! तिथे ४ वर जा, मागचं अंतर नीट असेल तर ब्लर राहतोच. दोघांचा फोटो असेल तर दोघांचे डोळे कॅमेऱ्यापासून सारख्या अंतरावर ठेवा, एक जण अर्धं पाऊल मागे राहिला की गेला तो.

भर दुपारी उन्हात १.८ ठेवली की आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १०० वरही साध्या बॉडीची, म्हणजे कॅमेऱ्याची, १/४००० सेकंदाची शटर पुरत नाही, फोटो पांढराफटक येतो. सावलीत जा नाहीतर प्रकाश कमी करणारा एनडी८ फिल्टर लावा, आमच्याकडे मिळेल.

ब्लर भरपूर असूनही फोटो कचकच वाटतो तो पानांच्या फटीतून दिसणाऱ्या आभाळामुळे, वाळक्या गवतामुळे, वायरींमुळे. दोन पावलं बाजूला सरका, मागे गडद सावली किंवा लांबचा डोंगर आणा, बरंच शांत होतं.

लाइटिंगच्या माळांचे गोळे फुल ओपनवर (ॲपर्चर पूर्ण उघडं) मध्यभागी गोल आणि कडेला डोळ्यासारखे लांबट दिसतात, लेन्स खराब आहे म्हणून फोन करू नका, बहुतेक मोठ्या ॲपर्चरच्या लेन्सेस असंच करतात. ॲपर्चर बंद करत गेलं की ते भोक लहान करणाऱ्या पाकळ्यांचे कोपरे दिसतात, कॅननच्या जुन्या ५० १.८ ला पाचच पाकळ्या होत्या त्यामुळे गोळे चक्क पंचकोनी येतात, २०१५ मध्ये आलेल्या नव्या ५० १.८ एसटीएमला सात आहेत. आम्ही एसटीएमच देतो.

फोनचा पोर्ट्रेट मोड घरगुती फोटोला ठीक आहे, पण तो ब्लर लेन्सचा नसतो, फोनच्या सॉफ्टवेअरने हिशोबाने लावलेला असतो, त्यामुळे सुटे केस आणि झुमक्यांच्या कडा बऱ्याचदा कापल्यासारख्या दिसतात. अल्बमसाठी नको.

निकॉनवाल्यांनो, डी३५०० आणि डी५६०० मध्ये फोकस मोटर नाही, त्यावर ५० १.८ 'डी' लेन्स लावली तर फोकस हाताने करावा लागेल, तुम्हाला ५० १.८ 'जी' लेन्स पाहिजे, मोटर तिच्या आतच असते. तरी येताना बॉडी आणि चार्ज केलेली बॅटरी घेऊन या, काउंटरवरच लावून दोन फोटो काढून बघू आणि मगच डिपॉझिट भरा.