स्वीडनचा कचरा संपलेला नाही

‘स्वीडनमध्ये कचराच उरला नाही, म्हणून तो देश बाहेरून विकत घेतो’ हा मेसेज गेली कित्येक वर्षं फिरतोय. सोबत ‘९९ टक्के रिसायकलिंग’ असतंच. दोन्ही दावे चुकीचे आहेत. तिथे आजही माणशी वर्षाला चारशे किलोंहून जास्त कचरा निघतो.

घटलं ते पुरण्याचं प्रमाण, आणि ते कायद्याने घटलं. २००० साली स्वीडनने कचरा पुरण्यावर टनामागे २५० क्रोनर कर लावला. २००२ मध्ये जळाऊ कचरा पुरायला बंदी आली, २००५ मध्ये जैविक कचऱ्यालाही. आता घरगुती कचऱ्यातला जेमतेम एक टक्का पुरला जातो. उरलेल्या ९९ टक्क्यांतला साधारण अर्धा थेट भट्टीत जातो. त्या उष्णतेवर पाइपांमधून घरं गरम होतात, वीजही तयार होते. उपयोग चांगलाच आहे, पण जाळण्याला रिसायकलिंग म्हणता येत नाही.

विकत घेण्याचं तर उलटंच. भट्ट्यांची क्षमता देशातल्या कचऱ्यापेक्षा जास्त, म्हणून ब्रिटन-नॉर्वेहून कचरा येतो आणि पैसे मोजतो पाठवणारा देश.

शिवाय राख उरतेच, आणि मेसेजमध्ये तिचा उल्लेखही नसतो याचं मला वाईट वाटतं. तळाची जाड राख भरावाला वापरता येते. फिल्टरमध्ये अडकलेली बारीक राख मात्र जड धातूंमुळे घातक असते. तिचा मोठा भाग वर्षानुवर्षं नॉर्वेच्या लांगॉया बेटावर, चुनखडीच्या जुन्या खाणीत, प्रक्रिया करून पुरला गेला.