खुब्याच्या सांधेबदलासाठी जन आरोग्य योजना : पात्रता, कागदपत्रे आणि पूर्वमान्यता

खुब्याचा सांधा झिजला की दुखणे बहुधा जांघेत जाणवते आणि मांडीच्या पुढच्या बाजूने गुडघ्यापर्यंत उतरते. त्यामुळे काही रुग्ण बराच काळ गुडघ्यावरच औषध घेत राहतात. मांडी घालून बसता न येणे किंवा पायाची नखे कापताना पाय जवळ घेता न येणे, ही खुब्याच्या दुखण्याची अधिक खात्रीची लक्षणे होत. हा आजार केवळ उतारवयातला नाही. स्टिरॉइडचा दीर्घ वापर, मद्यपान किंवा विदर्भातील आदिवासी भागांत आढळणारा सिकलसेल आजार यांमुळे मांडीच्या हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा तुटतो, आणि मग तिशीतल्या रुग्णाचाही सांधा खचतो.

वजन कमी करणे, व्यायामोपचार, वेदनाशामके आणि दुखऱ्या बाजूच्या विरुद्ध हातात काठी धरणे (बहुतेक जण ती चुकीच्या हातात धरतात) एवढ्याने पुष्कळांचे निभावते. ते पुरेनासे झाले आणि अस्थिरोगतज्ज्ञांनी सांधेबदल सुचवला, तर महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांच्या एकत्रित योजनेत अर्ज करता येतो. कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळते. पिवळ्या, केशरी व अंत्योदय शिधापत्रिकाधारकांसोबत आता पांढरी शिधापत्रिका असलेली कुटुंबेही पात्र आहेत. वयाची 70 वर्षे पूर्ण झालेल्यांना आयुष्मान भारतअंतर्गत उत्पन्नाची अट न लावता स्वतंत्र वय वंदना कार्ड मिळते.

एक गोष्ट आधीच लक्षात घ्यावी : ही योजना रोकडरहित आहे. खाजगी रुग्णालयात स्वतःच्या खर्चाने शस्त्रक्रिया करून नंतर बिले सादर केल्यास ती रक्कम परत मिळत नाही. म्हणून तारीख ठरवण्यापूर्वीच योजनेच्या अंगीकृत (योजनेत समाविष्ट केलेल्या) रुग्णालयात जावे. तेथे अस्थिरोग विभाग अंगीकृत आहे का आणि खुब्याचा सांधेबदल त्या रुग्णालयात योजनेतून होतो का, हे दोन्ही प्रश्न आरोग्यमित्राला (रुग्णालयात बसणाऱ्या योजनेच्या मदतनीसाला) विचारावेत, कारण रुग्णालय यादीत आहे म्हणजे तिथे प्रत्येक शस्त्रक्रिया होते असे नाही.

नोंदणीसाठी शिधापत्रिका, रुग्णाचे आधार कार्ड आणि असल्यास आयुष्मान कार्ड सोबत न्यावे. रुग्णाचे नाव शिधापत्रिकेत असावे आणि ते आधारवरील नावाशी जुळावे. लग्नानंतर नाव बदललेल्या स्त्रियांची कामे इथेच अडतात. ती दुरुस्ती तहसील किंवा शिधावाटप कार्यालयातून आधीच करून घेतलेली बरी. वैद्यकीय कागदांत दोन्ही खुबे दिसतील असा एक्स-रे, केला असल्यास एमआरआय, रक्ततपासण्या आणि आतापर्यंतच्या उपचारांच्या चिठ्ठ्या लागतात.

यानंतरचे काम रुग्णालयाचे असते. आरोग्यमित्र ओळख पडताळून नोंदणी करतो, डॉक्टर तपासणीअंती पूर्वमान्यतेची मागणी ऑनलाइन पाठवतात आणि मंजुरी आल्यावर शस्त्रक्रिया होते. मधुमेह आटोक्यात नसणे, लघवीतील जंतुसंसर्ग किंवा किडलेले दात यांमुळे शस्त्रक्रिया पुढे ढकलली जाते, कारण बसवलेल्या कृत्रिम सांध्यात जंतुसंसर्ग पोहोचणे हे या शस्त्रक्रियेतील सर्वांत अवघड संकट असते. हे उपचार मंजुरीची वाट पाहत असतानाच उरकावेत.

मंजूर पॅकेजमध्ये खाट, शस्त्रक्रिया, कृत्रिम सांधा, औषधे व जेवण यांचा समावेश असून घरी सोडल्यानंतर 10 दिवसांपर्यंतचा पाठपुरावाही त्यात येतो. नंतरचा व्यायामोपचार अनेक आठवडे चालतो. त्याची सोय मात्र आधीच पाहून ठेवावी. पॅकेजमधील बाबींसाठी पैसे मागितल्यास प्रथम आरोग्यमित्राला सांगावे आणि तरीही दाद न मिळाल्यास 155388 किंवा 18002332200 या क्रमांकांवर तक्रार नोंदवावी.

योजनेतून काम होत नसल्यास मुख्यमंत्री सहाय्यता निधीच्या यादीतही खुब्याचा सांधेबदल आहे. त्यासाठी तहसीलदारांचा 1 लाख 60 हजार रुपयांपर्यंतचा उत्पन्नाचा दाखला आणि रुग्णालयाचे खर्चाचे अंदाजपत्रक जोडावे लागते.